खडूची रेघ

गव्हाण फाट्याच्या अलीकडे, कंटेनर यार्डाच्या भिंतीला टेकून
हिराजी मढवींचं टायरचं दुकान.
दुकान म्हणजे एक कॉम्प्रेसर, दोन जॅक, काळ्या पाण्याची टाकी
आणि एक टॉमी, जिचं टोक
ठोकून ठोकून जुन्या नाण्यासारखं गुळगुळीत झालंय.

मी रबाळ्याहून गेले होते, लॅपटॉप घेऊन.
आमचा बिनतारी डबा
आजिनाथ बडेंच्या ट्रेलरमध्ये बसवून आठवडा झाला होता.
अठरा चाकं, अठरा सेन्सर.
प्रत्येकाची हवा, तापमान, बॅटरी, सिग्नल,
दर मिनिटाला.
मला अभिमान होता त्या पडद्याचा.

बडेंनी त्यावर बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा चिकटवला होता.
"रात्रभर बोंबलतं, मॅडम.
पळस्प्याला एकदा, खोपोलीला तीनदा,
घाटात तर थांबेचना.
टायर तापून हवा चढली तरी तोच आवाज,
खिळा घुसून उतरली तरी तोच.
मी ऐकायचं काय?"

हिराजी काही बोलले नाहीत.
टॉमी घेतली, ट्रेलरभोवती निघाले.
ठण्. ठण्. ठण्.
बांधावरून चालावं तसे, एकाच चालीत
(यार्डाखाली त्यांचंच भाताचं शेत होतं, हे नंतर कळलं).
तेराव्या चाकाशी: ठप्प.
कानामागचा खडू काढला, एक रेघ ओढली,
पुढे. ठण्. ठण्.
बाकीच्या सतरांबद्दल
त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतर तीन महिने मी नुसतं खोडत होते.
आधी पडद्यावरून तापमान गेलं.
तापलेल्या आणि निसटलेल्या हवेतला फरक
आता डब्यानं आतल्या आत ओळखायचा,
ड्रायव्हरच्या माथी मारायचा नाही.
मग सिग्नलचे दांडे गेले.
आकडे काढले तेव्हा साहेबांशी भांडण झालं,
गिऱ्हाईक आकड्यांचेच पैसे देतं, म्हणाले.
उरल्या अठरा टिकल्या, विझलेल्या.
जे चाक बसेल तेवढीच पेटणार,
खडूसारखी पांढरी.

दाखवायला गेले.
हिराजींनी चष्मा शर्टाला पुसला,
काळ्या पडद्याकडे बराच वेळ बघितलं.
"बरा हाय. पन ह्यो गप हाय
तो ठीक हाय म्हनून,
का मेला म्हनून?"

बेलापूरपर्यंत बसमध्ये मला उत्तर सुचलं नाही.
चाकाच्या पोटात कोंडलेली बटणाएवढी बॅटरी
कधीतरी संपणारच,
आणि संपताना ती कुणाला कळवत नाही.
धडधाकट चाकाचं गप्प असणं
आणि संपलेल्या सेन्सरचं गप्प असणं,
माझ्या पडद्यावर दोन्ही सारखीच काळी.
टॉमी तरी प्रत्येक चाकाशी थांबत होती.

काढलेल्यातलं काहीच परत घातलं नाही.
एक नवीन घातलं: हजेरी.
किल्ली फिरली की प्रत्येक टिकलीनं
एकदा उजळायचं, मग आपलं झोपायचं.

पहाटे साडेचार. केबिनमध्ये आम्ही तिघं.
बडेंनी किल्ली फिरवली.
एक, चार, पाच, अकरा, कुठूनही कशाही,
सतरा टिकल्या लागून गेल्या.
सोळावी नाही.
कुणीच काही बोलेना.
"उभ्या गाडीत एखादा गाढ झोपतो," मी म्हणाले,
"चाक फिरल्याशिवाय उठत नाही."
मला खात्री नव्हती.

बडेंनी ट्रेलर दहा हात पुढे घेतला.
वीस हात.
गेटच्या दिव्याखाली आल्यावर
सोळावी लागली.
विझली.

हिराजी तोवर खाली उतरून
मागच्या बाजूनं सुरू झाले होते. ठण्. ठण्.
मी आत बसून मोजत होते.
सोळाव्याशी ते दोनदा थांबले,
की मला तसं वाटलं.
अठरा झाल्यावर
खडू कानामागे होता तसाच ठेवून
चहाचं सांगायला गेले.